मदत हवी आहे : लाकडी छपराची धोक्याची पाटी कशी लावायची?

नमस्कार मंडळी. आमची गिरगावातली चाळ जुनी, सागवानी सांगाड्याची, वर कौलं. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरचं पीओपीचं छत काढलं, तेव्हा तुळईचं भिंतीत गेलेलं टोक दिसलं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. वाळवी! खालून मात्र सगळं पांढरंशुभ्र.

तेव्हापासून मला 9 मे 2015 ची काळबादेवीची आग आठवते. गोकुळ निवास कोसळली आणि अग्निशमन दलाचे नेसरीकर, अमीन, राणे आणि देसाई हे चार अधिकारी आपण गमावले. आपल्यासाठी आत शिरणाऱ्याला डोक्यावर काय आहे हे कळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

जाड सागवान मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर जळतं, म्हणजे थोडा वेळ मिळतो. पण पोखरलेल्या टोकाला तो वेळ कुठला? त्यात पीओपीसारख्या खोट्या छताच्या वरच्या पोकळीत आग पसरत राहते आणि खाली उभ्या माणसाला दिसत नाही. कौलांचं वजन आहेच, शिवाय आमच्याकडे माळ्यावर पाण्याच्या दोन टाक्या.

अमेरिकेत न्यू जर्सीत कैचीच्या (तुकडे जोडून केलेल्या सांगाड्याच्या) छपराच्या इमारतींवर दाराशीच त्रिकोणी खूण लावतात. 1988 मध्ये हॅकेनसॅकला असं छप्पर कोसळून अग्निशमन दलाचे पाच जवान गेले होते.

आपल्याकडे कुणी चाळीत किंवा वाड्यात अशी पाटी लावली आहे का? तिच्यावर काय लिहिलंत? टाक्या आधी उतरवू की तुळईला टेकू देऊ? दलात काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.