मल्टिपल स्क्लेरोसिसच्या संशोधनाला दिलेल्या देणगीने नेमके काय साधते?

प्रश्न (फोंडा):
माझ्या धाकट्या बहिणीला चार वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूवर परिणाम करणाऱ्या आजाराचे, निदान झाले. परवा कुर्त्याची बटणे लावता लावता तिची बोटे अडली, तेव्हा काही न बोलता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्या हौशी नाट्यमंडळाने जत्रेतील प्रयोगाची देणगी कुपने विकून जमवलेले अठरा हजार रुपये या आजाराच्या संशोधनासाठी द्यायचे ठरवले आहे. पण औषध कंपन्या कोट्यवधी रुपये ओतत असताना एवढ्याशा रकमेने काय होणार, असे मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी विचारले आणि मी निरुत्तर झाले. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (म्हापसा):
ताई, कंपन्यांचा पैसा बहुधा औषध दृष्टिपथात आल्यावर येतो. त्याआधीची अनिश्चित वर्षे सरकारी अनुदान आणि लोकांच्या देणग्या यांवरच निभावतात. अमेरिकेतील सिल्व्हिया लॉरी यांनी १९४५ साली आपल्या आजारी भावासाठी, या व्याधीतून बरे झालेल्यांनी संपर्क साधावा, अशी छोटी जाहिरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये दिली. पत्रे आली ती मात्र त्यांच्यासारख्याच उपाय शोधणाऱ्यांची. त्यातूनच १९४६ साली या आजारासाठीची, लोकांच्या देणग्यांवर चालणारी तिथली राष्ट्रीय संस्था उभी राहिली. पुढे २०२२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी, अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या सुमारे वीस वर्षांच्या नोंदी आणि साठवलेले रक्तनमुने यांच्या आधारे, एप्स्टाइन-बार या सर्रास आढळणाऱ्या विषाणूच्या संसर्गानंतर या आजाराचा धोका सुमारे ३२ पट वाढतो, असे दाखवले. त्या कामाला सरकारी निधीबरोबरच याच संस्थेचेही अर्थसाहाय्य होते. अशा अभ्यासातून उद्या लगेच विकता येईल असे काहीच निघत नाही, परंतु आजाराचे मूळ कळल्यावाचून तो रोखणार तरी कसा? काकांना एवढेच सांगावे.

उत्तर (डिचोली):
वरील उत्तराशी सहमत आहे, तरी एक सावधगिरी सुचवतो. आपल्याकडची मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आणि रुग्णांना आधार देणे हा तिच्या कामाचा मोठा भाग आहे; म्हणून रक्कम कुठल्याही संस्थेला द्या, ती संशोधनासाठीच वापरली जाईल का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. कोणी वैयक्तिक भर घालणार असेल, तर देणगीवरची आयकर सवलत दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हेही त्यांना सांगावे.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. रविवारी तालमीच्या आधी काकांसमोरच हे वाचून दाखवेन. संस्थेला पाठवायच्या पत्राचा मजकूर बहीण सांगणार आहे आणि मी लिहून घेणार आहे.