सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ: सईचा डबा, पोरगा आणि पीटी

(नवरात्रातला रविवार, २८ सप्टेंबर. सकाळी ९ च्या सुमाराला ग्रुपवर झालेलं बोलणं. गुड मॉर्निंगची फुलं आणि देवीचे नऊ फोटो गाळले आहेत.)

बी-३०४ सई: नमस्कार सगळ्यांना. एक विचारायचं होतं. मागच्या गल्लीत गाळा घेतल्यापासून डब्यांच्या कामाला दोन मावशी ठेवल्यात, जूनपासून. १ तारखेपासून डबे पोचवायला एक पोरगा ठेवलाय. काल एक कन्सल्टंट येऊन म्हणाला, माणसं ठेवली की पीटीचा नंबर लागतो, ६,५०० रुपये द्या, करून देतो. खरंच लागतो का? की नुसतंच घाबरवतोय?

ए-२०२: कोणाला टँकरवाल्याचा नंबर आहे का?

सी-१०४: मॅडम, पीएफ २० माणसांवर आणि ईएसआय (कामगार विमा) १० माणसांवर. तुमचे तीनच आहेत. काही लागत नाही. निवांत राहा.

ए-१०१ साने काका: लागतो. पीएफ आणि ईएसआय केंद्राचे. पीटी म्हणजे व्यवसाय कर, तो राज्याचा. त्याला १० नको, २० नको. कर बसेल असा एक नोकर पुरे. ३१ वर्षं विक्रीकरात काढली आहेत, निवांत राहा म्हणणाऱ्यांची पुढची पानं मीच वाचायचो.

सी-१०४: 🙏

बी-३०४ सई: काका, मग ६,५०० द्यायचे?

ए-१०१ साने काका: अगं सरकारी फी शून्य आहे. एक रुपयासुद्धा नाही. तो घेतोय ते त्याच्या बोटांचे.

बी-४०१: माझ्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला २०० जातात, ते हेच का? आणि फेब्रुवारीत ३०० का जातात? दर वर्षी एचआरला विचारायचं राहून जातं.

ए-१०१ साने काका: हेच. ११ महिने २०० म्हणजे २,२००, वर ३००, झाले २,५००. घटनेच्या २७६ व्या कलमात लिहिलंय की हा कर माणशी वर्षाला २,५०० च्या वर नेता येत नाही. २०० नं बारा महिने घेतले तर २,४०० च होतात. उरलेले १०० सोडवेनात म्हणून ते फेब्रुवारीत टाकले. आधी ही मर्यादा २५० होती, १९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून २,५०० केली. तेव्हापासून तिथेच आहे. तुमचा पगार कितीही वाढो.

बी-४०१: निदान एक गोष्ट तरी महागली नाही.

बी-३०४ सई: काका, माझ्याकडे कोणाचा कापायचा? मावशींना १४ आणि १६ हजार देते. पोराला १२ हजार.

ए-१०१ साने काका: तिघांचाही. पुरुषांना ७,५०० पर्यंत माफ, साडेसात ते दहा हजारात १७५, दहाच्या वर २००. बायकांना १० हजारांपर्यंत माफ. मावशी दोघी दहाच्या वर.

सी-५०३ मृणाल: काका, थांबा थांबा. बायकांची मर्यादा बदलली. १ एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंत काहीच नाही. मावशी दोघी त्यात बसतात. फक्त पोराचे २००.

ए-१०१ साने काका: हो का? माझ्या निवृत्तीनंतरचं आहे. चांगलं केलं.

सी-५०३ मृणाल: सई, म्हणजे जून ते ऑगस्ट तुला नोंदणी करायची गरजच नव्हती, कारण दोन्ही नोकर करमुक्त. घड्याळ सुरू झालं ते पोरगा आला त्या दिवशी. तिथून ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा. आज २८.

बी-३०४ सई: म्हणजे दोन दिवस!!

सी-५०३ मृणाल: हो, पण घाबरू नकोस. घरी बसून होतं. महाजीएसटीच्या साइटवर नवीन नोंदणीत जा, व्यवसाय कर कायदा निवड. तुझा पॅन, आधार, गाळ्याचा भाडेकरार, लाइट बिल, कॅन्सल्ड चेक. एवढं स्कॅन करून ठेव. फाइल फार मोठी असली तर घेत नाही, मोबाइलवर काढलेले फोटो आधी लहान कर. मी या एका गोष्टीवर एका रात्री दीड तास घालवलाय.

ए-१०१ साने काका: आणि पगार हातात पडायची वाट बघत बसू नकोस. तारीख कामावर आल्यापासून धर. उशीर झाला तर दिवसाला ५ रुपयांपर्यंत दंड आहे. ऐकायला चिल्लर वाटते, पण लोक दोन-दोन वर्षांनी येतात.

ए-२०२: टँकर??

ए-३०२ सेक्रेटरी: टँकरचं वेगळ्या ग्रुपवर टाका प्लीज. इथे चर्चा चालू आहे.

बी-३०४ सई: एकच नंबर ना? की अजून काही?

सी-५०३ मृणाल: दोन आहेत, आणि लोक नेमके इथेच गोंधळतात. पीटीआरसी म्हणजे नोकरांचा कापून भरायचा नंबर. पीटीईसी म्हणजे तुझा स्वतःचा, धंदा करणारी म्हणून. तो वर्षाला सरळ २,५००, दर वर्षी ३० जूनपर्यंत. पीटीआरसीचा नंबर २७ ने सुरू होतो, पीटीईसीचा ९९ ने, दोन्हीच्या शेवटी पी. कन्सल्टंट ६,५०० मध्ये कुठला करून देणार होता ते विचार बरं.

बी-३०४ सई: विचारलं होतं. "दोन्ही एकच असतात मॅडम."

ए-१०१ साने काका: 😂

सी-५०३ मृणाल: आणि सई, पीटीईसीत धंदा सुरू केल्याची खरी तारीख टाक. गाळ्याची नव्हे. घरातून डबे केव्हापासून देतेस?

बी-३०४ सई: नोव्हेंबर २०२३. म्हणजे?

सी-५०३ मृणाल: म्हणजे २३-२४, २४-२५ आणि हे वर्ष. तीन वर्षांचे साडेसात हजार, वर थोडं व्याज.

बी-३०४ सई: पहिल्या वर्षी मी एवढे कमावले तरी होते का??

सी-५०३ मृणाल: माहितेय ग. या नोंदीत नफा-तोटा बघत नाहीत, धंदा चालू आहे एवढंच बघतात. मलाही ते पटत नाही. पण मागे जायला मर्यादा आहे, चार वर्षं. तू त्याच्या आतच आहेस.

बी-१०३ देशपांडे काकू: सई, मी पण उन्हाळ्यात पापड-कुरडया विकते. मला पण का?

ए-१०१ साने काका: काकू, तुम्ही मागच्याच वर्षी पासष्टी केलीत ना? ६५ पूर्ण झाली की या करातून सुटका. मी शिकवणी घेतो, मलाही तोच आधार.

बी-१०३ देशपांडे काकू: पासष्टी झाली हे ग्रुपवर लिहायची गरज नव्हती.

सी-२०१: माझी मुलगी बंगळुरूला आहे, तिच्या पगारातूनही कापतात. पण भाऊ पणजीला असतो, त्याच्या स्लिपवर हे खातंच नाही. असं कसं?

सी-५०३ मृणाल: प्रत्येक राज्याचं वेगळं. कर्नाटकात आहे, गोव्यात नाही. दिल्लीतही नाही.

बी-४०१: मग आपल्याकडेच का सुरू झालं हे?

ए-१०१ साने काका: विचारलंत म्हणून सांगतो. ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं काढली. खडी फोडायची, पाझर तलाव, रस्ते. त्या कामांच्या मजुरीला कायमचा पैसा हवा होता, म्हणून १९७५ मध्ये हा व्यवसाय कर आणला. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचा आणि दुष्काळी तालुक्यात मजुरीला द्यायचा, असा तो हिशेब. माझे वडील जामखेडजवळ त्या कामावर मुकादम होते. संध्याकाळी फुटलेली खडी मापून चिठ्ठीवर आकडा लिहायचे आणि बायका ती चिठ्ठी ओच्यात खोचून घरी न्यायच्या. पुढे मी ज्या खात्यात लागलो, ते खातं ह्याच कराचे पैसे गोळा करायचं.

बी-४०१: काका, हे माहीत नव्हतं.

ए-३०२ सेक्रेटरी: छान माहिती काका 👏

बी-३०४ सई: बरं, नंबर आला की पुढे काय?

सी-५०३ मृणाल: सप्टेंबरच्या पगारातून २०० काप, त्याच्या स्लिपवर लिही. स्लिप देत नसशील तर आतापासून दे, साध्या कागदावर चालेल. मग चलन भरायचं. पहिल्या वर्षी रिटर्न दर महिन्याला, महिना संपायच्या आत. मार्चनंतर तुझा वर्षाचा पीटीआरसीचा कर लाखाच्या आत म्हणून वर्षातून एकदाच, ३१ मार्चपर्यंत. एका पोराच्या २०० रुपयांसाठी महिन्याला रिटर्न हे हास्यास्पद आहे, मान्य. पण चुकलंस तर रिटर्नमागे १,००० लेट फी, पहिल्या ३० दिवसांत भरलंस तर २००.

बी-३०४ सई: म्हणजे २०० च्या करावर १,००० लेट फी.

सी-५०३ मृणाल: हो. म्हणून मोबाइलमध्ये २५ तारखेचा गजर लाव. आणि रिटर्नची एक्सेल उघडलीस की वर पिवळी पट्टी येईल, मॅक्रो एनेबल करा म्हणून. ते केलं नाहीस तर बटण दाबून दाबून बोट दुखेल, काही होणार नाही.

डी-१०१: एक मिनिट. आपले वॉचमन एप्रिलपासून एजन्सीकडून काढून थेट सोसायटीच्या पगारावर घेतले ना? तिघं. १३,५०० प्रत्येकी.

डी-१०१: मग सोसायटीचा पीटीआरसी नंबर कुठला?

(इथे साधारण वीस मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही. सेक्रेटरींच्या नावाखाली तीन वेळा "टायपिंग" दिसून गेलं.)

ए-२०२: टँकर आला. धन्यवाद.

ए-३०२ सेक्रेटरी: एजन्सी होती तेव्हा ते लोक बघायचे. आपण थेट घेतल्यावर हा विषय मीटिंगमध्ये निघाला नव्हता.

डी-१०१: मीटिंगमध्ये एजन्सीचं कमिशन वाचलं म्हणून पेढे वाटले होते, तेवढं आठवतंय.

सी-१०४: पण सोसायटी म्हणजे धंदा थोडीच आहे?

ए-१०१ साने काका: धंदा नसेना का, पगार देते ना? कापायची जबाबदारी पगार देणाऱ्यावर. सोसायटीला स्वतःचा ९९ वाला लागतो की नाही ते ऑडिटरला विचारा, पण २७ वाला लागतोच.

ए-३०४ खजिनदार: हिशेब केला. तीन माणसं, प्रत्येकी २००, एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने. ३,६०० कर. अर्ज एप्रिलअखेर व्हायला हवा होता, १ मे ते आज १५१ दिवस, ५ रुपयांनी ७५५ दंड. वर व्याज. माळीबुवा पण आहेत, त्यांचे धरले नाहीत.

सी-५०३ मृणाल: माळीबुवांचं वय?

ए-३०४ खजिनदार: आधारवर १९५८.

सी-५०३ मृणाल: मग ६५ च्या वर. ते सुटले. आधारची झेरॉक्स फाइलला लावा.

डी-१०१: आता हे ३,६०० दिवाळीच्या पगारातून वॉचमनकडून कापणार का? तसं असेल तर आधीच सांगा, मी नाही म्हणणार.

सी-१०४: कर त्यांचा आहे, त्यांनीच भरायला हवा. नियम म्हणजे नियम.

ए-१०१ साने काका: नियमच सांगतो. कापला असो वा नसो, भरायची जबाबदारी मालकाची, असं कायद्यातच आहे. दर महिन्याला २०० कापले असते तर त्यांना कळलं असतं. आता एकदम १,२०० कापायचे म्हणजे आपल्या विसरभोळेपणाचे पैसे त्यांच्या दिवाळीतून घ्यायचे.

डी-१०१: रात्रपाळीवाल्यानं मागच्या महिन्यात मला ५०० उसने मागितले होते, पोरीच्या शाळेच्या बुटांना. एवढंच सांगते.

ए-३०४ खजिनदार: माझं मत, मागचं सगळं सोसायटीनं भरावं. साधारण साडेचार हजार, व्याजासकट थोडं वर. ९६ फ्लॅट आहेत, घरटी ५० रुपयेसुद्धा येत नाहीत. ऑक्टोबरपासून २०० कापायचे, पण आधी तिघांना बोलावून सांगायचं, कागदावर लिहून.

सी-१०४: ठीक. माझी हरकत नाही.

बी-१०३ देशपांडे काकू: मी सांगते त्यांना, माझ्याशी नीट बोलतात. सेक्रेटरींनी सांगितलं तर वाटेल पगार कमी केला.

ए-३०२ सेक्रेटरी: काकू 🙏 उद्याच अर्ज करतो. मृणाल, संध्याकाळी दहा मिनिटं मिळतील का?

सी-५०३ मृणाल: सात वाजता या. सईपण येतेय, दोघांचे अर्ज एकदमच करू. सोसायटीचं पॅन कार्ड, नोंदणी दाखला आणि कमिटीचा ठराव घेऊन या.

ए-३०२ सेक्रेटरी: पॅन कार्ड. हो.

ए-३०२ सेक्रेटरी: खजिनदार, सोसायटीचं पॅन कार्ड तुमच्याकडे आहे ना?

ए-३०४ खजिनदार: माझ्याकडे कुठलं? जुन्या सेक्रेटरींनी फाइल तुमच्याकडेच दिली होती. निळी.

ए-३०२ सेक्रेटरी: निळीत लिफ्टचं एएमसी आहे.

ए-१०१ साने काका: सई, सात वाजता येताना दोन डबे जास्तीचे आण. हे लांबणार.