केमोच्या दहाव्या दिवशी पोटदुखी आणि ताप, थांबू का?

बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, कार्बोप्लॅटिन आणि डोसेटॅक्सेलचा दुसरा डोस होऊन दहा दिवस झाले, कालपासून उजवीकडे खाली पोटात दुखतंय, पातळ जुलाब होतायत आणि आज ताप १०१. ते म्हणतात गॅस असेल, क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू का?

उत्तर १: ताई थांबू नका, आत्ताच इमर्जन्सीत न्या. माझ्या आईचं अगदी असंच झालेलं. केमोनंतर ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात, न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेले की मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज येऊन इन्फेक्शन होऊ शकतं, त्याला टिफ्लायटिस म्हणतात, आतडं फुटूही शकतं. आम्ही एक रात्र घालवली ते अजून सलतं.

उत्तर २: क्रोसिनने ताप दबतो आणि खरं चित्र कळत नाही. जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका, एनिमा तर अजिबात नको. गेल्यावर पहिल्यांदा केमो चालू आहे हे सांगा, सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) आणि पोटाचा सीटी करतील, अँटिबायोटिक शिरेतून लगेच सुरू करावी लागते.

प्रश्नकर्ती: निघालोय, फाइल घेतली.