प्रतिसाद: एकाच रिपोर्टवर एवढं हादरू नका

मूल होत नाही म्हणून वर ज्या ताईंनी भावाच्या वीर्यतपासणीचा रिपोर्ट दिलाय (मिलीमागे १.१ कोटी शुक्राणू, हालचाल कमी), त्यांच्यासाठी. मी इंदूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत शुक्राणूंच्या संख्येची खालची मर्यादा मिलीमागे १.६ कोटी आहे. पण ती वर्षभरात बाप होऊ शकलेल्या पुरुषांच्याच आकड्यांवरून काढलेली, आणि त्यांच्यातलेही पाच टक्के तिच्याखाली होते! तेव्हा १.१ कोटी म्हणजे मूल होणारच नाही, असं नव्हे.

आधी सॅम्पल कसं दिलं ते विचारा. घरून आणलं असेल तर तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवं, डबी अंगालगत धरून. इथे राऊहून शहरातल्या पलासियापर्यंत जानेवारीच्या गारठ्यात स्कूटरच्या डिकीत आलेल्या डबीत हालचाल कमीच दिसणार. सुरुवातीचा भाग सांडला तर संख्याही घटते, कारण शुक्राणू त्यातच जास्त. संकोचापायी हे कुणी सांगत नाही. आम्ही विचारलं तरी मान खाली. सॅम्पल देण्याआधी संबंधात खंड दोन ते सात दिवसांचा हवा. मागच्या तीन महिन्यांत टायफॉइड, डेंग्यू झाला होता का? शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तापाचा परिणाम उशिरा दिसतो.

तपासणी पुन्हा करा. तेव्हाही कमीच आलं तर डॉक्टर रक्तातल्या हार्मोन्सच्या तपासण्या, म्हणजे एफएसएच आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन सांगतील. गुणसूत्रांच्या महागड्या तपासण्या सहसा संख्या मिलीमागे पन्नास लाखांखाली असेल तरच.

आणि वहिनींची लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) ठरलीय म्हणता, ती दुसऱ्या रिपोर्टपर्यंत थांबवता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचाराच.