मदत हवी आहे: गोडोमध्ये व्हेरिएबल बदलताच पडद्यावरचा आकडा आपोआप कसा बदलावा?

नमस्कार मंडळी,

गोडो ४ या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एक छोटा द्विमितीय खेळ तयार करीत असून, जमा झालेली नाणी आणि उरलेले जीव पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दाखवायचे आहेत. दोन्ही व्हेरिएबल खेळाडूच्या स्क्रिप्टमध्ये आहेत, तर आकडे दाखवणारी लेबले कॅनव्हासलेयर या स्वतंत्र चित्रथराखाली वेगळ्या सीनमध्ये (नोडांच्या, म्हणजे खेळाच्या घटकांच्या, संचात) आहेत. (मजकूर देवनागरीत आहे, पण गोडो ३ मध्ये जोडाक्षरांचे जे हाल होत, ते ४ मध्ये होत नाहीत; तेव्हा अडचण ती नव्हे.)

लेबलच्या प्रोसेस फंक्शनमध्ये दर फ्रेमला खेळाडूकडून आकडा घेऊन टेक्स्टमध्ये भरला की काम भागते. परंतु जो आकडा क्वचितच बदलतो तो सेकंदाला साठ वेळा विचारत राहणे मनाला पटत नाही. म्हणून ‘जीव’ला सेटर (किंमत दिली जाताच चालणारे फंक्शन) लावला, जो नवी किंमत साठवून लगेच लेबलचा टेक्स्ट बदलतो. स्क्रिप्टमध्ये सुरुवातीची किंमत ३ लिहून खेळ चालवला तर सारे सुरळीत चालते. पण व्हेरिएबल एक्सपोर्ट करून (म्हणजे एडिटरमधून बदलता येईल असे करून) इन्स्पेक्टर या एडिटरच्या गुणधर्म-पटलात ३ चे ५ केले, की खेळ सुरू होताक्षणीच ‘निल’वर (रिकाम्या संदर्भावर) टेक्स्ट भरता येत नाही अशी एरर येते. लेबलचा संदर्भ ऑनरेडीने, म्हणजे नोड तयार होताना, घेतलेला आहे.

त्यानंतर सेटरमधून फक्त सिग्नल (बदल झाल्याची सूचना) एमिट केला, म्हणजे पाठवला, आणि लेबलच्या स्क्रिप्टने तो आपल्या रेडीमध्ये (नोड तयार होताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) जोडून घेतला. एरर गेली, मात्र पहिला मार बसेपर्यंत लेबलवर एडिटरमध्ये टाकलेला शून्यच दिसत राहतो. खेळाडूच्या रेडीमध्ये सिग्नल मुद्दाम एमिट करूनही उपयोग झाला नाही. सीन ट्रीमध्ये खेळाडू वर आणि लेबले खाली आहेत, त्याचा याच्याशी संबंध असेल काय? शिवाय खेळाडूच्या पिशवीतील वस्तू एका ॲरेमध्ये (यादीत) आहेत. त्यात अपेंडने वस्तू घातली तर सेटर चालतच नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपली शंका योग्य आहे. शेजारच्या नोडांची रेडी फंक्शने वरून खाली या क्रमाने चालतात, त्यामुळे खेळाडू सिग्नल देतो तेव्हा लेबल अजून जोडलेलेच नसते. आणि ऐकणारा नसताना दिलेला सिग्नल कोठेही साठून राहत नाही. लेबलच्या रेडीमध्ये सिग्नल जोडल्यावर पुढच्याच ओळीत तेच फंक्शन खेळाडूकडील सध्याची किंमत देऊन एकदा स्वतः बोलवावे. म्हणजे क्रम कोणताही असला तरी पहिला आकडा बरोबर दिसेल.

इन्स्पेक्टरच्या एररचे कारणही असेच आहे. स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या सुरुवातीच्या किमतीसाठी सेटर चालत नाही. इन्स्पेक्टरमध्ये बदललेली किंमत मात्र सीन फाइलमध्ये नोंदली जाते आणि सीन उभा राहताना सेटरमार्फतच भरली जाते. त्या वेळी ऑनरेडीची व्हेरिएबले रिकामीच असतात. इझ_नोड_रेडीने नोड तयार आहे का हे तपासून ही एरर टाळता येते, पण खेळाडूला लेबलची ओळखच नसावी, हा आपला दुसरा मार्ग माझ्या मते अधिक चांगला आहे. सेटरमध्ये जुनी आणि नवी किंमत सारखी असेल तर सिग्नल न देताच परतावे.

ॲरेच्या बाबतीत सेटर व्हेरिएबलला नवी किंमत दिल्यावर चालतो, आतल्या वस्तू बदलल्यावर नाही. वस्तू घालण्यासाठी आणि काढण्यासाठी स्वतंत्र फंक्शने लिहून त्यांतूनच सिग्नल द्यावा, आणि बाहेरच्या कोणत्याही स्क्रिप्टने ॲरेला थेट हात लावू नये.

दर फ्रेमला टेक्स्ट भरण्याचा आपण जेवढा धसका घेतला आहे, तेवढा तो महाग नाही. आहे तोच मजकूर पुन्हा दिल्यास लेबल त्याची नव्याने मांडणी करीत नाही. आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवून टाकावी: प्रत्येक लेव्हलला खेळाडूचा नोड नव्याने तयार होणार असेल, तर जुन्या नोडाबरोबर लेबलची जोडणीही जाते. तसे असेल तर नाणी, जीव आणि त्यांचे सिग्नल ऑटोलोड स्क्रिप्टमध्ये (सीन बदलला तरी टिकून राहणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) हलवावेत.