‘सामायिक निर्णय’ की दुसरं काही?

धाकट्या बहिणीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. रुग्णांसाठीच्या एका पत्रकाचा मराठी मसुदा तपासतोय. त्यात ‘शेअर्ड डिसिजन मेकिंग’ला, म्हणजे उपचार डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी ठरवण्याला, ‘सामायिक निर्णयप्रक्रिया’ केलंय. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “सामायिक म्हणजे विहिरीसारखं? पाळी लावून?” दुसरा शब्द सुचवा.

— आईंचा कान पक्का आहे. सातबाऱ्यावरचं ‘सामायिक’ म्हटलं की हिस्सेच डोळ्यापुढे येतात. ‘संयुक्त’ला दोन पक्षांच्या निवेदनाचा वास. ‘संगनमत’ फोड केली तर किती नेमका शब्द, पण संगनमताने आपल्याकडे फक्त अफरातफर होते :)

— सरळ ‘संमती’ का नको? कायद्यातलाही तोच शब्द आहे.

— संमतीत निर्णय आधीच झालेला असतो, सही तेवढी उरते. 2008च्या समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने संमतीआधी इतर पर्यायही सांगायला हवेत असं म्हटलं, तरी शेवटी ते ‘हो’ किंवा ‘नाही’च. एमएसमध्ये प्रश्न ‘कुठलं औषध’ असा असतो. इंटरफेरॉन घरी टोचून घ्यायचं, वर तापासारखी कणकण. ऑक्रेलिझुमॅब सहा महिन्यांनी एकदा, पण सहसा सलाइनमधून, दवाखान्यात बसून. नॅटालिझुमॅबआधी जेसी विषाणूची रक्तचाचणी, कारण मेंदूच्या दुर्मीळ पण गंभीर संसर्गाची भीती. यातलं कुठलं सोसवेल, हे एमआरआयमध्ये दिसत नाही.

— (मूळ प्रश्नकर्ता) अगदी. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, “दोन वर्षांत मूल हवंय का?” काही औषधं तेव्हा चालत नाहीत. मेहुणे बोलायला लागले, तर डॉक्टर म्हणाले, “थांबा, त्यांना बोलू द्या.” बहीण आधी गप्प, मग म्हणाली, “हवंय.” समोरच्या कागदावरचं एक नाव त्यांनी तिथेच खोडलं. याला काय म्हणायचं?

— मसलत! ‘सल्लामसलत’मधला सल्ला डॉक्टरांचा, मसलत दोघांची. फक्त ‘मसलत’ म्हटलं की थोडी पेशवाई डोकावते. मी तर नामच टाळेन. ‘मिळून ठरवणं’. आणि जाता जाता, ‘रिलॅप्स’ला मसुद्यात ‘पुनरावर्तन’ असेल तर तेही काढा. आपल्याकडे दुखणं उलटतं.

— (मूळ प्रश्नकर्ता) ‘पुनरावर्तन’च होतं, काढलं. आता मथळा ‘तुम्ही आणि डॉक्टर मिळून औषध ठरवा’. आईला पुन्हा वाचून दाखवला. म्हणाली, “म्हणजे मी नाही त्यात?” बहिणीने तिच्याआधी उत्तर दिलं, “तू चहा कर.”