'स्प्लर्ज' म्हणजे उधळपट्टी? मला नाही पटत

शब्दखोर: 'स्प्लर्ज'चं भाषांतर सर्रास 'उधळपट्टी' केलेलं दिसतं. माझ्या मते साफ चूक. 'वी स्प्लर्ज्ड ऑन अ गुड हॉटेल' म्हणणारा माणूस गुन्हा कबूल करत नसतो, खुशीत सांगत असतो. एरवी हात आखडता, या वेळी मुद्दाम सैल सोडला, एवढंच. नावं ठेवायला इंग्रजीत 'स्क्वाँडर' आहे. वाडवडिलांची इस्टेट फुंकली, ती स्क्वाँडर केली. वेळ आणि संधीही स्क्वाँडर होतात. वेळ 'स्प्लर्ज' केला असं कोणी म्हणत नाही. आणि 'अ लिटल स्प्लर्ज' बिनदिक्कत चालतं. 'थोडीशी उधळपट्टी' म्हणून बघा, हसू येईल.

कद्रू: खुशीत सांगितलं म्हणून उधळपट्टीची काटकसर होत नाही. शब्द अमेरिकन, 1828 च्या आसपासचा, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता बडेजाव, भपका. पैसे उडवण्याचा अर्थ विसाव्या शतकात चिकटला. आजची इंग्रजी वर्तमानपत्रं बघा. सरकारने निवडणुकीच्या तोंडावर तिजोरी मोकळी केली की मथळा 'स्पेंडिंग स्प्लर्ज'. फुटबॉल क्लबाने खेळाडूंवर पैसा ओतला की पुन्हा तेच. हे काय कौतुक चाललंय?

शब्दखोर: तिथे करदात्याचा पैसा जातो, म्हणून टीका. शब्द बिचारा तोच. 'आय स्प्लर्ज्ड'मध्ये हौस असते, 'दे स्प्लर्ज्ड'मध्ये भुवई वर जाते.

कद्रू: म्हणजे स्वतः केली की हौस, दुसऱ्याने केली की उधळपट्टी! हे शब्दाचं नाही, माणसाचं लक्षण झालं. हौसेचा हा मुलामा जाहिरातवाल्यांनी चढवलाय. हप्त्यांवर फोन घेतला तरी म्हणे 'स्प्लर्ज'. आपल्याकडे त्याला ऋण काढून सण म्हणतात.

अवांतर: ब्रिटिश मंडळी याच अर्थी 'स्प्लॅश आउट' म्हणतात. आणि 'स्पेंडथ्रिफ्ट'वरही कोणीतरी धागा काढा. 'थ्रिफ्ट' म्हणजे काटकसर, मग हा उधळ्या कसा? तर थ्रिफ्टचा जुना अर्थ साठवलेली कमाई. ती उडवणारा तो स्पेंडथ्रिफ्ट. चालू द्या.

अनुवादिनी: मला हे रोज निस्तरावं लागतं. क्रियापद सोपं आहे: 'हात सैल सोडला', 'हौसेने घेतलं', संवाद असेल तर सरळ 'होऊ दे खर्च!' अडतं ते नामाला. 'माय वन स्प्लर्ज इज कॉफी' याचं 'माझी एकच उधळपट्टी' केलं तर पात्र वेडं वाटतं. मी लिहिते, 'माझी एवढी एकच चैन, कॉफी.'

शब्दखोर: चैन! अगदी हेच म्हणत होतो.

कद्रू: तुम्ही 'चैन' शब्द एकदाही काढला नव्हता, वर जाऊन बघा. कॉफीपुरती मान्य. सरकारच्या बातमीत मात्र मी उधळपट्टीच लिहिणार.